वहिनीचं खळं

राजोडीच्या आमच्या घरापुढे खळं आहे. खळं म्हणजे अंगणच, पण बसायचं नव्हे, मासळी सुकवायचं. दरवर्षी पावसाळा सरला की ते उकरायचं, पाणी मारून लाकडी चोपण्यानं चोपायचं आणि शेणानं सारवायचं. घट्ट झालं की त्यावर जवळा पसरायचा. आमच्याकडे हे काम घरच्या सुनेचं आणि माहेरी आलेल्या लेकीचं. पुरुषांनी त्यात लुडबुड करायची नाही. मी एव्हरशाईन सिटीत राहते, बँकेत नोकरी करते, लिफ्टनं वरखाली करते, पण दसऱ्याच्या आसपासचा एक रविवार मी कुणालाही देत नाही. जुनी साडी पिशवीत टाकून राजोडी गाठते. वहिनी आणि मी समोरासमोर बसून खळं चोपतो आणि तोंडानं गावातल्या झाडून सगळ्यांची उणीदुणी काढतो. नणंद-भावजय म्हणून आमचं आपसात वाजायला हवं होतं, पण त्याला कधी सवडच मिळाली नाही.

यंदा रिक्षातून उतरले तर खळं जागेवर नाही. दारापासून कुंपणापर्यंत लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवलेले आणि दादा, माझा थोरला भाऊ, पाइप घेऊन ते धुतोय. चेहऱ्यावर नवी गाडी घेतल्याचा आनंद.

दादानं मागेच होडी विकली आणि घराच्या बाजूला दोन खोल्या काढून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. वहिनी आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती, तेवढ्यात त्यानं माणसं लावून हे काम उरकलं. पाहुण्यांच्या गाड्या चिखलात रुततात, शेणाचा त्यांना वास येतो, जवळ्याचं तर विचारूच नकोस, असं तो मला समजावत होता. माझा पारा चढला. समुद्राच्या गावाला येऊन ज्यांना मासळीचा वास सोसत नाही त्यांनी महाबळेश्वरला जावं, असं मी पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. दादा हसला. माझ्या तोंडाची त्याला लहानपणापासून सवय आहे.

मला खरा राग आला तो वहिनीचा. ती परत येऊन दोन दिवस झाले होते आणि ती चकार शब्द बोलली नव्हती. होडी गेल्यापासून त्या घरात समुद्राचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं आणि ते तिचं होतं. सुकवलेला जवळा घेऊन ती बाजारात बसते तेव्हा कुणाची बायको नसते, कुणाची सून नसते. गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावणारी बाई असते. खळं गेलं की पाहुण्यांच्या चादरी झटकणं एवढंच तिच्या वाट्याला येणार होतं. हे मला दिसत होतं आणि ती मूग गिळून बसली होती.

त्या सकाळी तिनं किनाऱ्यावरून ताजा जवळा आणला होता. तो तिनं ब्लॉकवरच पसरला. जवळा म्हणजे अगदी बारकी, भाताच्या शितासारखी कोळंबी. दुपारपर्यंत त्यातला बराचसा ब्लॉकच्या फटींत जाऊन बसला. आम्ही दोघी केसांतल्या पिना काढून एकेक फट उकरत बसलो. खोलीतली एक पाहुणी बाई येऊन जरा वेळ बघत राहिली आणि तिनं ही इकडची काही पूजा असते का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. ती नमस्कार करून गेली.

मग दादानं ताडपत्री आणून दिली. तिच्यावर जवळ्याला घाम सुटला, तो काळा पडला आणि त्याला असा वास आला की मलासुद्धा नाकाला पदर लावावा लागला. वहिनीनं सगळा जवळा गोळा करून माडाच्या बुंध्याशी पुरला, हात धुतले आणि दादासमोर येऊन उभी राहिली.

"तू होडी इकली तवा मी काय बोलली? तुजी होती, तू इकली," ती म्हणाली. "खळं माजं होतं. मना इचारलं कोनी?"

आवाज चढवला नाही. तिचे कष्ट वाचावेत असंही दादाच्या मनात असेल, तो माणूस वाईट नाही. पण तिला विचारलं नव्हतं, हे खरंच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. होडी गेल्याचं तिनं इतके दिवस पोटात ठेवलं होतं आणि मी, दर रविवारी फोनवर तिच्याशी तासन्‌तास बोलणारी, मला त्याचा पत्ता नव्हता.

उन्हं कलल्यावर दादा मागच्या दारी गेला आणि पहार घेऊन आला. दारापाशी बसून त्यानं पहिला ब्लॉक उचकटला. थोड्या वेळानं मान वर न करताच कुठवर काढू म्हणून विचारलं. त्याला वाटलं असावं, अर्ध्यावर भागेल. वहिनी चालत गेली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली. दादानं सगळे काढले. त्याला आठवडा लागला.

त्यानंतरच्या शनिवारी मी मुद्दाम गेले. आम्ही खळं चोपून, सारवून घेतलं. ते अजून ओलं असतानाच फाटकाशी पाहुण्यांची मोठी गाडी येऊन थांबली. गाडीवाल्यानं काच खाली करून, आत घेऊ का, असं दादाला विचारलं.

"मला नका विचारू," दादा म्हणाला. "अंगण तिचं आहे."

मग त्यानं घराकडे तोंड करून वहिनीला हाक मारली, आणि ती हात पुसत बाहेर येईपर्यंत गाडी रस्त्यातच उभी राहिली.