सवडीनं बदलजो

नालवाडीच्या धनंजयला देवाने सोशिक मन दिले आणि रुपेशसारखा मित्र दिला. त्यातला मित्र देवाने परत मागून घेतला. साधा म्हणून अंगावर काढलेला ताप, आणि रुपेश गेला. दोघांनी उभारलेली ‘जुळणी’ एकट्या धनंजयच्या पदरात उरली.

जुळणी म्हणजे संगणकाचे मोफत, सर्वांना खुले असे अवजार. कुणी कुठे, कुणी कुठे बसून लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे ते एकत्र बांधते आणि चालते करते. सुधारणा कितीही येवोत, कुणाची जुन्या रीतीने लिहिलेली फाईल नाकारायची नाही, हा रुपेशचा नेम! जुन्या फायली वाचणारा भाग त्यानेच लिहिला, त्यानेच जपला. तशी फाईल आली की पडद्यावर त्याचे शब्द उमटत: ‘भाऊ, हे जुनं झालं. सवडीनं बदलजो.’ इशारा इतका गोड, की लोकांना ती ख्यालीखुशालीची विचारपूस वाटली. वर्षे लोटली, कुणी काही बदलले नाही.

आणि नेमके त्याच भागात खिंडार सापडले. त्यातून परका माणूस कुणाच्याही प्रोग्राममध्ये विष कालवू शकत होता. सावंगीची नोकरी सांभाळून धनंजयने ते बुजवून पाहिले. एकीकडे सांधावे, तर दुसरीकडे उसवावे. मित्राचा शब्द राखावा, तर विश्वासाने आलेल्या अनोळखी माणसांचा घात. त्यांना राखावे, तर मित्राची अक्षरे आपल्याच हाताने पुसावी. देवा, असा पेच वैऱ्यालाही घालू नकोस! अखेर त्याने डोळे टिपले आणि तो भाग काढून टाकला.

लगोलग केळझरहून जुळणी वापरणाऱ्या काजलचा फोन आला. मूकबधिर मुलांसाठी ती संगणकावर खुणांचा शब्दकोश तयार करत होती, आणि नवी जुळणी तो बांधायलाच तयार नव्हती.

“काऊन हो भाऊ, तुमचीच जुळणी म्हणे ना, सवडीनं बदलजो? माही सवड यायच्या आंधीच दार लावलं?”

“चुकलं, ताई. फायली धाडा, मीच बदलून देतो.”

“सगळ्याच जुन्या हायेत, बरं का! मंग म्हणान, बाई डोक्यावर बसली.”

“बसा. पण धाडा.”

त्याने एकेक फाईल नव्या रीतीला वळवून दिली. मग तो रुपेशच्या आईकडे, पंचफुलाबाईकडे गेला.

“माय, रुपेशनं लिहिलेलं मी काढून टाकलं.”

“काऊन रे बापू? बिघडलं होतं?”

“त्यातून चोर शिरू शकत होते.”

“मंग बरंच केलं.” ती तांदूळ निवडत राहिली. थोड्या वेळाने बोटे थांबली. “त्याचं कायी उरलं का त्यात?”

धनंजयच्या ओठांवर गोडसे खोटे आले होते. ते त्याने गिळले.

“जुन्या नोंदीत जपून हाय, माय. कोनी शोधलं त दिसते. पण आता चालत नाई.”

“म्हंजे फोटोवानी.”

“हो, माय.”

पंचफुलाबाईने सूप बाजूला सारले. निवडलेले तांदूळ धुवायला घेतले. मग म्हणाली, “जेवून जाजो.”