मेट्रनबाईंची पुस्तकं पुरताना

सत्यभामा अंबाजोगाईच्या बसमधून उतरली, तेव्हा पारावरच्या बायांनी तिच्याकडं नाही, तिच्या हातातल्या बोचक्याकडं पाहिलं. तिनं ते पदराखाली घेतलं, आणि मग वाटलं, पदराखाली घेतलं हेच चुकलं.

दिवसच तसे होते. गावात शेरडं मरत होती. शेजारच्या छबुबाईचा अर्धा कळप गेला होता. डॉक्टरांनी रोग सांगितला, लसही टोचली. पण कुणाच्या तरी बांधात पुरलेलं लिंबू सापडलं आणि मग रोगाचं नाव कुणी काढेना. पलीकडच्या गावात अशाच संशयावरून एका बाईला लोकांनी घरातून ओढून काढलं होतं. कायदा आहे, पण कायदा पोचायच्या आत लोक पोचतात. आणि सत्यभामेला नेमकं आत्ताच हे बोचकं जमिनीत पुरायचं होतं.

बोचकं मेट्रनबाईंचं. मिलकाबाई झिराडकर मूळच्या कोकणातल्या, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी. नर्स म्हणून अंबाजोगाईला आल्या, तिथंच मेट्रन झाल्या आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिल्या. सत्यभामेचा नवरा अकाली गेला, तेव्हा ती त्यांच्याकडं स्वयंपाकाला लागली. पोराचं शिक्षण, लग्न, सगळं त्याच चुलीवर झालं. पहिल्याच वर्षी कपाट पुसताना तिला सुटी झालेली पानं दिसली. आपल्याकडं जुनी पोथी नदीत सोडतात, म्हणून तिनं मोठ्या भक्तीनं ती पिशवीत भरली. मेट्रनबाई दारात आडव्या आल्या.

"पाण्यात नाही, विस्तवात नाही, रद्दीत तर नाहीच. यात देवाचं नाव आहे. पुस्तक थकलं की माणसासारखं मातीत ठेवायचं. माझ्यामागं तू ठेवशील?"

ती हो म्हणाली होती. गेल्या आठवड्यात मेट्रनबाई गेल्या. ठाण्याहून पुतण्या आला, त्यांना आपल्या लोकांच्या दफनभूमीत घेऊन गेला, धडकी पुस्तकंही नेली. फाटकी मागं राहिली, आणि तिचा शब्द.

"आत्या, बांधाला नका जाऊ," सून ऋतुजा पोटावर हात ठेवून म्हणाली. तिला सातवा महिना होता. "कुणी बघितलं तर?"

"अंधार पडल्यावर गेले तर?"

"मग तर मेलोच आपण."

खरंच होतं. लपून पुरलं की ती करणी. पुरायचं तर कुणाच्या तरी डोळ्यांदेखतच, असं सत्यभामेनं ठरवलं. मग उठली आणि गावात ज्या तोंडाची तिला सगळ्यात जास्त धास्ती होती, त्याच दारात गेली.

"छबुमावशी, कुदळ द्या. आन तुमी बी चला."

छबुबाई रिकामी दावी गुंडाळत होती. "कावून गं?"

"पुस्तकं पुरायचीत."

"पुस्तकं? शाळा मेली का काय?" ती हसली नाही. कुदळ मात्र तिनं स्वतःच्याच हातात ठेवली.

सत्यभामेच्या अंगणात बोचकं उघडलं. परळीच्या वीजकेंद्राकडून आलेली राख पत्र्यावरून भुरभुरत होती. वरच्या पानावरची चौकोनी अक्षरं बघून छबुबाई मागं सरकली.

"मंतर हायती ह्ये."

"न्हाई मावशी. हिब्रू हाय. उर्दूवानी उजवीकडून वाचत्यात." सत्यभामेनं वरचं पुस्तक उचललं. "ही तोरा. मोशे म्हणून त्येंचा मोठा माणूस, त्येची पाच पुस्तकं. जग कसं झालं, पूर कसा आला, गुलामीतून सुटका कशी झाली, आन मानसानं वागावं कसं. त्येंच्या प्रार्थनाघरात ती कातड्यावर हातानं लिवलेली आसती. ही घरातली, छापील."

"कातडं कशाचं?"

सत्यभामेला जीभ चावावीशी वाटली. खोटं बोलता आलं असतं. पण छबुबाई तिचं तोंड वाचत होती.

"शेरडाचं बी आसतंय."

शेजारच्या गोठ्यातलं एक करडू ओरडलं. छबुबाईनं तिकडं पाहिलं.

"पर ह्यो कागद हाय. हात लावून बघा."

छबुबाईनं लावला नाही. "फुडं बोल."

"ही नबींची. राजाला तोंडावर सुनावणारी मानसं. ही स्तोत्रं, गाऱ्हाणी, शहाणपणाच्या गोष्टी. तिन्ही मिळून तनाख म्हणायचं. आन ह्ये तालमूद." तिनं एक पान उलगडलं. "मधी जुना कायदा, चौफेर त्येच्यावरचा वाद. हारलेल्याचं म्हननं बी लिवून ठिवलंय."

"आपल्या ग्रामसभेत तर जिकलेल्याचं बी लिवत न्हाईत," छबुबाई म्हणाली. सत्यभामेला जरा धीर आला, तेवढ्यात ती म्हातारी उठली आणि तिनं कुदळीचं टोक दाराजवळच्या रांजणापाशी टेकवलं. "एवढं चांगलं हाय, तर हितंच पूर. सून येती-जाती तिथं. वंगाळ आसलं तर आदी तिलाच बाधंल."

"पायाखाली? देवाचं नाव हाय मावशी, जरा बाजूला..."

छबुबाईचे डोळे बारीक झाले. सत्यभामेनं वाक्य गिळलं. मेट्रनबाईंवर तिचा विश्वास होता. पण दारात ऋतुजा उभी होती, आणि पोटातलं बाळ. एवढी वर्षं हातांनी पुसलेल्या त्या पुस्तकांची तिला पहिल्यांदाच भीती वाटली. त्या भीतीची लाजही वाटली. तिनं कुदळ घेतली.

खड्ड्यात तालमूद खाली, मग स्तोत्रं, मग नबी, आणि सगळ्यांवर तोरा. कपाटातही तिच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही, असा नियम होता. माती लोटून तिनं ती हातानंच दाबली.

आणि तिनं अडवायच्या आत ऋतुजा तांब्या घेऊन रांजणाकडं आली. तिचं पाऊल त्या ओल्या मातीवर पडलं.

छबुबाई पावलाकडं बघत नव्हती. सत्यभामेच्या तोंडाकडं बघत होती. सत्यभामेनं पापणीसुद्धा हलू दिली नाही.

"च्या टाक," शेवटी छबुबाई म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी छबुबाई कुंपणावरून विचारते, "सून बरी हाय ना?" मायेनं की पहाऱ्यानं, हे सत्यभामेला अजून कळलेलं नाही. ती रांजणापाशी, त्याच मातीच्या कडेला उभी राहते आणि म्हणते, "बरी हाय, मावशी."