फडक्यावर नाव लिहा

संडासाचं फडकं विकासदादानं माझ्या गळ्यात बांधलं, तेव्हा सगळ्यात आधी हसलो तो मीच.

तळघरात सकाळची हजेरी चालली होती. माणमधल्या त्या काचेच्या इमारतीचे सात मजले पुसणारे आम्ही सगळे तिथं रांगेत उभे राहायचो. विकासदादा आमचा सुपरवायझर. इमारतीखाली त्याच्या चुलत्याची जमीन गेलेली, म्हणून साफसफाईचं कंत्राट चुलत्याकडं, आणि आम्ही विकासदादाच्या ताब्यात. त्याच्या हातात दोन फडकी होती. लाल संडासाचं. हिरवं पँट्रीचं, म्हणजे वरची माणसं डबे खातात तिथलं. आदल्या दिवशी मी डबे खायची टेबलं संडासाच्या फडक्यानं पुसली होती. एका मॅडमनी बघितलं. भरला डबा टाकून उठल्या.

"ए मेंढरा, हितं ये. ह्यो कंचा रंग?"

मला दोन्ही फडकी सारखीच दिसत होती. वाळल्या गवतासारखी.

"हिरवा, दादा."

सगळे हसले.

"आन् ह्यो?"

"ह्यो बी हिरवाच की. औंदा हिरवळ लई हाय."

अजून हसले. विकासदादा हसला नाही. त्यानं एक फडकं माझ्या मानेभोवती टाकलं आणि पुढं गाठ मारली.

"आज दिसभर गळ्यात घालून फिरायचं. म्हंजी संडासाचं कंचं, ते ध्यानात ऱ्हाईल."

फडकं धुतलेलं होतं. तरी वास होता. फिनेलचा, आणि फिनेलच्या खालचा. मी गाठ नीट केली, लग्नातल्या पाहुण्यासारखी मान वाकवली आणि म्हणालो, "सासऱ्यानं बी आसा टावेल न्हाई दिला, दादा."

तळघर दणाणलं. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी बरं वाटलं. मग ते फडकं घालून मी सात मजले फिरलो. लिफ्टमध्ये माणसं माझ्याकडं बघायची आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायची. मी प्रत्येकाला हसून दाखवलं.

ही माझी जुनी खोड. लोकांनी हसायच्या आधी आपणच हसायचं.

माझे डोळे जन्मापासून असे. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत. निळा दिसतो, पिवळा दिसतो. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी झाडाला लाल पानं काढली होती. गुरुजींनी ते चित्र चारी वर्गांत फिरवलं. मी चित्राच्या मागं मागं फिरलो. मिरवणुकीत नवरदेव चालतो तसा.

आमचं गावाकडचं घर रिह्याच्या खोऱ्यात. थोडी भाताची खाचरं, बाकी मेंढरं. आमच्या मेंढरांच्या पाठीवर लाल पट्टा, शेजारच्या कळपाच्या पाठीवर हिरवा. एकदा ओढ्यावर दोन्ही कळप मिसळले आणि मी शेजाऱ्याच्या दोन मेंढ्या घरी हाकून आणल्या. त्यांचा माणूस अंगणात येऊन चोर म्हणून ओरडून गेला. मला वाटलं, बाप आता काठी काढतो. बापानं मला कळपात नेलं. एकेका मेंढीच्या तोंडाला हात लावायला लावला. ही काळतोंडी. ही कानतुटी. ही भित्री, हाताला येत नाही.

"पट्ट्याकडं कशाला बघतोस? नाव घेऊन हाक मार. आपली आसंल ती मान वर करंल."

त्यानंतर माझं एक मेंढरू चुकलं नाही. पण फडक्यांना नावं नव्हती, आणि हाक मारली तरी ती मान वर करत नाहीत.

त्या दिवसापासून रोज सकाळी हजेरीनंतर माझी परीक्षा. नवा माणूस कामाला आला की विकासदादा त्याला सांगायचा, "थांब, गंमत बघ." दोन फडकी वर. "मेंढरा, सांग." मी सांगायचो. बरोबर आलं तरी हसायचे, चुकलं तरी हसायचे. मी घरून उत्तरं जुळवून न्यायचो, म्हणजे विनोद. मोरीत तोंड धुता धुता मला नवा विनोद सुचायचा आणि बायको विचारायची, काय झालं हसायला? तिला मी कधी सांगितलं नाही. आमची खोलीही विकासदादाच्या चुलत्याच्याच चाळीत. काम गेलं तर खोली जाणार, आणि मुलीची शाळा तिथून दोन गल्ल्यांवर. म्हणून मी हसायचो. असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला हसायची सवय झाली होती.

आमच्यातल्या मंगलताई तेवढ्या हसायच्या नाहीत. त्या बायकांकडचे संडास धुवायच्या. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "तू खी खी करतुयास म्हनून त्येंचं फावतंय. मला न्हाई बाई बघवत." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या लाल फडक्याच्या कोपऱ्याला दोऱ्याची गाठ मारून दिली. बोटाला गाठ लागली की संडासाचं. दोन दिवस मी एकदाही चुकलो नाही. तिसऱ्या दिवशी विकासदादानं कात्रीनं गाठ कापली.

"कंपनीचा माल हाय. तुज्या आईची वाकळ न्हाई."

हेही मी हसून घेतलं.

मग पाचव्या मजल्यावरची ती मीटिंग.

मी पाण्याच्या बाटल्या ठेवायला आत गेलो होतो. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर एकमेकांत गुंतलेल्या रेघा. टेबलाच्या कडेला अनिरुद्ध सर बसले होते. माणूस साधा, बाटली ठेवली की थँक्यू म्हणणारा. ते म्हणाले, "एक मिनिट हं. मला रेड आणि ग्रीन वेगळे दिसत नाहीत. यातली कुठली लाइन कुणाची?"

माझ्या हातात चार बाटल्या होत्या. मी तसाच उभा राहिलो. आता हसतील. मी वाट बघत होतो. खरं सांगतो, माझेही ओठ हसायला तयार झाले होते.

कोणी हसलं नाही.

समोरच्या मॅडम म्हणाल्या, "ओह, सॉरी सॉरी अनिरुद्ध! माझ्या लक्षातच आलं नाही. प्रत्येक लाइनवर नाव टाकते." आणि त्यांनी तिथल्या तिथं टाकलं. बोटं चालवली, रेघांच्या टोकाला अक्षरं आली. "नाऊ ओके?" "परफेक्ट." मीटिंग पुढं सरकली. मी बाटल्या ठेवायच्या विसरून बाहेर आलो आणि पुन्हा आत गेलो.

तेच डोळे. त्यांना सॉरी, मला फडकं.

मी कॉफीच्या मशीनपाशी सरांना गाठलं. सांगितलं, माझंही तसंच आहे. ते म्हणाले, "अरे, तुलाही? ग्रेट!" यात ग्रेट काय ते मला अजून कळलेलं नाही. पण माणसानं मनापासून मदत केली. त्यांच्या कॉम्प्युटरवर बाण एखाद्या रंगावर नेला की शेजारी त्याचं नाव उमटायचं. गडद लाल. पोपटी. विटकरी. तसलंच एक ॲप त्यांनी माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिलं. कॅमेरा रंगासमोर धरायचा, एक बाई मराठीतून नाव सांगते. मी माझा स्वतःचा शर्ट तपासला. तीन वर्षं मी तो करडा म्हणून घालत होतो. बाई म्हणाली, "गुलाबी."

अडचण एकच होती. गेटवर साफसफाईच्या माणसांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गार्ड चिकटपट्टी लावतो. गळ्यात कंपनीची पट्टी असलेल्या वरच्या माणसांना लावत नाही. त्यांचे कॅमेरे प्रामाणिक असतात. मी वर जाऊन चिकटपट्टी हळूच सोलायचो, ओळखपत्राच्या मागं चिकटवून ठेवायचो आणि सुटायच्या वेळी परत जागेवर लावायचो. दोन आठवडे माझं एकही फडकं चुकलं नाही. कामात चूक सापडेना, म्हणून विकासदादाला सकाळच्या परीक्षेतही मजा येईना. तो माझ्याकडं संशयानं बघायला लागला.

आणि मग मी माझ्या नेहमीच्या अकलेनं वागलो.

मीटिंगच्या खोल्यांच्या दाराशी दिव्याची एक पट्टी असते. लाल म्हणजे आत माणसं आहेत, हिरवा म्हणजे खोली रिकामी. काचेला धुरकट कागद लावलेला, आतलं दिसत नाही. त्या दिवशी बाहेरून पाहुणे आलेले. मी खोली पुसायला गेलो, दिव्यासमोर मोबाइल धरला. दुपारी जेवताना सगळ्यांना एक विनोदी व्हिडिओ ऐकवण्यासाठी मी आवाज पूर्ण वाढवला होता. तो कमी करायचा राहिला होता.

"लाल," बाई ओरडली. "लाल. लाल. गडद लाल."

दार उघडलं. समोर पाहुणे. त्यांच्यासमोर मी, एका हातात बादली, दुसऱ्या हातात त्यांच्यावर रोखलेला कॅमेरा, चिकटपट्टी सोललेला.

ॲडमिनच्या मॅडमच्या खोलीत मला उभं केलं. मॅडम खुर्चीत, गार्ड दाराशी, विकासदादा माझ्या शेजारी. मॅडमनी माझा मोबाइल चाळला. मीटिंगचा एकही फोटो नव्हता. मेंढरं होती.

"ये सब क्या है?"

"मेंढरं हायेत, मॅडम. बापाची."

मी ॲपचं सांगितलं. सरांचं नाव सांगितलं. सरांना बोलावलं. ते आले, माझ्याकडं न बघता भिंतीला टेकून उभे राहिले.

"मी जस्ट सजेस्ट केलं होतं," ते म्हणाले. "कॅमेऱ्याची पॉलिसी त्यांनी बघायला हवी होती."

त्या इमारतीत मला पहिल्यांदाच कोणी 'त्यांनी' म्हणालं. तेही हात झटकताना.

मॅडम म्हणाल्या, "पण याला खरंच रंग कळत नाहीत, की हे बहाणे आहेत?"

विकासदादाचा चेहरा उजळला. त्यानं खिशातून दोन फडकी काढली. खिशातच ठेवायचा तो. "आत्ता दावतो, मॅडम. लई गंमत हाय. मेंढरा, सांग. कंचं संडासाचं?"

दोन फडकी माझ्या नाकासमोर. मॅडम पुढं वाकल्या. त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. गार्डही सरसावला. मला विनोद सुचला होता, हेही सांगतो. चांगला होता. जिभेवर आला होता. तो बोललो असतो तर सगळे हसले असते आणि मी बहुतेक सुटलो असतो.

मी म्हणालो, "आदी सरांच्या पुढं धरा."

"काय?"

"सरांचे डोळे आन् माजे डोळे येकच हायेत. त्येंची परीक्षा घ्या आदी. मग माजी."

विकासदादाचा हात तसाच वर. तो सरांकडं वळेना. वळताच येईना त्याला. त्यानं जन्मात कधी गळ्यात पट्टी असलेल्या माणसाच्या तोंडासमोर संडासाचं फडकं धरलं नव्हतं, आणि धरणारही नव्हता. हात हळूहळू खाली आला. सर म्हणे तेव्हा लालबुंद झाले होते. गार्डनं नंतर सांगितलं. मला काय कळणार.

मॅडमच्या तोंडावरचं हसू गेलं. मला ते जाताना दिसलं. ते बघायला रंग लागत नाहीत.

मग त्या एकदम कागदावर आल्या. एक पत्र टाइप केलं. मी डोळ्यांतला दोष लपवून नोकरी मिळवली, फसवणूक केली, त्याबद्दल माफी मागतो. सही केली तर पार्किंगमध्ये झाडायला ठेवतील. तिथं फडकी नाहीत.

मी म्हणालो, लपवलं कुठं? रोज सकाळी बावीस माणसांसमोर दाखवत होतो.

"सही कर, येड्या," विकासदादा कानात म्हणाला. "खोली बी जाईल."

मी सही केली नाही.

खोली गेली. महिनाअखेरीला आम्ही सामान टेम्पोत भरलं. बायको तांदळाच्या डब्यावर बसली होती. तिला तेव्हा मी सगळं सांगितलं, फडक्यापासून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् तू हसलास?" मी हो म्हणालो. तिनं तोंड फिरवलं. विकासदादानं केलेल्या कशाचाही मला एवढा मार लागला नव्हता. मुलीची शाळा सुटली, नवीन शाळा अजून मिळालेली नाही. सरांनी मेसेज पाठवला होता, "फील बॅड फॉर यू." मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडं विनोद शिल्लक नव्हता.

गेल्या आठवड्यात महाळुंग्याच्या एका नव्या सोसायटीत काम लागलं. पहिल्या दिवशी तिथल्या सुपरवायझरनं आम्हाला फडकी वाटली. लाल, हिरवी, निळी, पिवळी. माझ्या हातात गठ्ठा आला. सगळी माणसं होती, झाडूवाले, माळी, वॉचमन.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला लाल आन् हिरवं येगळं दिसत न्हाई. फडक्यांवर नाव लिवा. काळ्या शाईनं, संडास आन् किचन. मग कामाला लागतो."

सुपरवायझर हसला. "आरं, दिसत न्हाई म्हंजी? ह्यो बघ, ह्यो कंचा रंग?" आणि त्यानं एक फडकं वर धरलं.

झाडूवाले हसले. माळी हसला.

माझ्या तोंडाचे स्नायू जुन्या सवयीनं हलायला निघाले. मी ते दाबून धरले. रंग सांगितला नाही. खरा नाही, खोटा नाही. फडक्यांचा गठ्ठा जमिनीवर ठेवला, बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसलो.

"उठ की."

"लिवा, मग उठतो."

"आन् न्हाई लिवलं तर?"

"तर बसलोय."

हसणं थांबलं. कोणीतरी पाय घासले. सुपरवायझरनं फोन काढला, कुणाला तरी लावला. मी बादलीवरून उठलो नाही.