गोदूला दाखवलेली हिरवी झेंडी

मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले वासुदेवराव गुढियारीतल्या आपल्या ओट्यावर पोरांना वाचायला बसवत. पुस्तकं बहुतेक हिंदी, कारण पाऱ्यातली, म्हणजे त्या मोहल्ल्यातली, पोरं हिंदी नि छत्तीसगढी बोलणारी. नियम एकच. पुस्तक घरी न्यायचं तर आधी एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. नीट वाचलं की वासुदेवराव आपली जुनी हिरवी झेंडी हलवत, अडखळलं की लाल. लाल झेंडीला पोरं शाळेतल्या परीक्षेपेक्षा जास्त भीत, आणि म्हातारबुवांना त्याचा छुपा अभिमान होता.

दिवाळीनंतर त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं शाबूत राहिलं, सहीसुद्धा करता येई. गेलं ते नेमकं वाचन. पेपर उघडला की अक्षरं स्वच्छ दिसत, पण एकही ओळखू येत नसे. स्वतः लिहिलेली ओळही त्यांना लागेना. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, परत येईल याचा भरवसा नाही.

"बाबा, सांगून टाका ना पोट्ट्यांना," सून मंजिरी म्हणाली. "काहून लपवून राहिले?"

"ज्याले वाचता येत नाही, त्याच्यापाशी वाचाले कोण येईन?"

सासूबाई, विमलाबाई, गेल्यापासून त्या घरात जो काही आवाज होता तो पोरांचा होता, आणि तो बंद पडेल या भीतीनं सासरे पार कोलमडले होते हे मंजिरीला दिसत होतं.

तर वासुदेवराव नुसत्या कानानं झेंड्या दाखवू लागले. पोरगं अडलं, चाचरलं, की लाल. घडाघडा गेलं की हिरवी. कुणाला पत्ता लागला नाही.

गोदू पाचवीत होती. तिचा बाप हिरालाल मालगोदामात हमाली करायचा. वर्षानुवर्षं तिच्या वाट्याला लाल झेंडीच आली होती, आणि या थंडीत मात्र ती एकदम वाहत्या पाण्यासारखी वाचायला लागली. बोट ओळीखालून सरके, डोळे चित्रावर. तिच्या पानावर बकरी तिकीट काढून डोंगरगढला जाई आणि गार्डशी भांडे. वासुदेवरावांना शंका आली. कुठल्या छापील पुस्तकातली बकरी डोंगरगढला जाते? पूर्वी त्यांनी झटकन पुस्तक ओढून घेतलं असतं. आता पुस्तक ओढायचं म्हणजे पानाकडे बघायचं, आणि बघून काय सांगायचं? शिवाय गोष्ट छान होती. त्यांनी हिरवी झेंडी हलवली. पोरगी इतकी फुलली, की दुसऱ्या दिवशीही हिरवीच निघाली, आणि मग रोजच.

जानेवारीत हिरालाल आला. शाळेच्या मॅडमनी गोदूला कच्च्या मुलांच्या जादा तासाला बसवायला सांगितलं होतं.

"मैडम बोलती है, गोदू पढ़ नहीं पाती. बाबूजी, आप तो रोज सुनते हो."

खरं सांगायची वेळ होती ती.

"पढ़ लेती है," वासुदेवराव म्हणाले.

हिरालालनं हात जोडले. मॅडमपेक्षा त्याचा रेल्वेच्या बाबूजींवर विश्वास जास्त, त्यानं पोरीला तासाला पाठवलंच नाही. मार्चात गोदू पाचवीत नापास झाली. पेपर कोरे होते. चित्रं नसलेल्या पानावर ती काय रचणार? हिरालालनं ठरवून टाकलं, आता पोरीनं आईबरोबर गोदामात डाळ निवडायला जायचं.

मंजिरीनं हे सांगितलं तसे वासुदेवराव चप्पल अडकवून थेट त्याच्या दारात गेले. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"हिरालाल, इसकी गलती नहीं है. मुझे खुद पढ़ना नहीं आता. बीमारी के बाद से एक अक्षर नहीं पहचान पाता. मैंने झूठ बोला. इसको स्कूल भेज, मैं हाथ जोड़ता हूँ."

हिरालाल ओशाळून हसला.

"बाबूजी, आप बड़े आदमी हो. लड़की को बचाने के लिए ऐसा मत बोलो. उसके नसीब में नहीं है." त्यानं आतून खुर्ची आणून ठेवली. पुढं कितीही सांगितलं तरी तो "हव, हव" म्हणत होकारार्थी मान डोलवत राहिला आणि त्यातला एक शब्दही त्यानं खरा मानला नाही.

गोदू दाराआड उभी होती. आईनं बांधलेली भाकरीची पुडी तिच्या हातात होती. बाप पाणी आणायला आत गेला तशी ती पुढं आली.

"हम सोचे आपको मालूम है," ती हळूच म्हणाली. "सोचे आपको हमारी कहानी अच्छी लगती है, इसलिए हरी दिखाते हो."

तिनं वासुदेवरावांचे डोळे नीट पाहिले, आणि त्यांना खरंच वाचता येत नाही हे तिला पटलं. घराबाहेर सबंध पाऱ्यात एकट्या तिलाच पटलं.

"किसी को नहीं बताएँगे," ती म्हणाली, आणि गोदामाकडे निघालेल्या आईच्या मागं गेली.