बाहेरची कडी

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या फुंडो बेटावर मिझाला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही; मात्र तिच्याशी आपणहून बोलणारी माणसं गेली अकरा वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्याला कारण तिचा नवरा कोम्बो. ‘बाराका’ हे मालवाहू जहाज टांगा बंदरातून सिमेंट आणि साखर घेऊन वेते बंदराकडे येत होतं आणि बेटाच्या उत्तरेकडच्या खडकांपाशी भर दुपारी बुडालं, तेव्हा तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपावरची पाळी कोम्बोची होती. सात खलाशांपैकी तिघे वाचले. त्या तिघांत जहाजाचा नाखवा मचानो होता. किनाऱ्यावर पाय ठेवताच त्यानं सांगून टाकलं, की कोम्बो पाळीवर झोपला, पंप तुंबला आणि पाणी तळात चढत गेलं ते कुणाला कळलंच नाही. लाटांनी तीन मृतदेह आणून टाकले. कोम्बोचा आला नाही. त्या तीन घरांनी मिझाला वाळीत टाकलं. ती विहिरीवर आली की बायका अर्धी भरलेली घागर तशीच उचलून चालू लागत.

मचानो कोम्बोचा आतेभाऊ होता. त्या किनाऱ्यावर आतेभावंडं आणि मामेभावंडं यांच्यात ‘उतानी’ चालते. उतानी म्हणजे हक्काची थट्टा. भावाच्या बायकोशीही ती चालते. चपला लपवाव्यात, कॉफीत मीठ टाकावं, चारचौघांत पूर्वजांचा उद्धार करावा. ज्याची थट्टा झाली त्यानं रागवायचं नसतं. रागावला तर दंड त्यालाच. मिझाच्या लग्नात मचानोनं नवरदेवाला स्वयंपाकघरात कोंडून बाहेरून कडी घातली होती आणि एक कोंबडा कबूल करून घेतल्यावरच ती काढली होती. मिझा त्या दिवशी पोट धरून हसली होती.

जहाज बुडाल्यानंतर ती काही वर्षं ओहोटीच्या वेळी शेवाळाची शेती करत राहिली. मग समोरच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी हॉटेल उभं राहिलं, तिथं पाणबुड्यांचे रबरी पोशाख धुण्याचं काम तिला मिळालं. धुता धुता तिनं एक दिवस तिथल्या शिक्षकाला सांगितलं, की मलाही खाली जायला शिकव. तो हसला. तिनं तीन महिने रोज तेच सांगितलं. शेवटी त्यानं शिकवलं, आणि वर्षभरात त्याच्याच तोंडून निघालं, की हिच्याइतकी कमी हवा खाणारा माणूस मी पाहिला नाही. मग ती पर्यटकांना पाण्याखाली नेणारी वाटाडी झाली. बेटावरच्या लोकांना वाटलं, पोटासाठी बाई पाण्यात उतरली. ते अर्धंच खरं होतं. तिला ‘बाराका’वर जायचं होतं.

जहाज अठरा मीटरवर, वाळूवर सरळ बसलेलं आहे. ते बुडाल्याच्या पाचव्या वर्षी, नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोरखंडांच्या कोठारापाशी तिला ते दार दिसलं. जाडजूड लोखंडी दार, वरच्या बाजूला वाऱ्यासाठी मुठीएवढं भोक, आणि बाहेरून घातलेली कडी. गंजानं ती चौकटीला धरून बसली होती. चार फेऱ्यांमध्ये सुरीनं खरवडून खरवडून तिनं ती सोडवली. आत कोम्बोच्या पट्ट्याचं पितळी बक्कल होतं आणि त्याच्या आसपास जे उरलं होतं ते होतं. तिनं ते सगळं एका कापडात बांधून वर आणलं. होडीवर फक्त म्हातारा नावाडी उसी होता. त्यानं कबरस्तानाच्या टोकाला खड्डा खणला आणि दुआ म्हटली.

“गावाला सांगतेस?” एवढंच त्यानं परतताना विचारलं.

“काय सांगू? कडी आपोआप पडली असेल म्हणतील. ज्यानं घातली त्याच्या तोंडून यायला हवं.”

कोठारात कोंडलेला माणूस पंपावर पोचणार कसा, हे तिला आता लख्ख कळलं होतं. कडी कुणी घातली हेही विचारावं लागलं नाही. त्यानंतर दर फेरीला पर्यटक डोलकाठीभोवतीचे मासे बघत असताना ती त्या कडीला वंगण लावून यायची. कशासाठी, ते तिनं स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. कडी मात्र आता बोटानं सरकत होती.

याच सुमाराला हॉटेलानं मचानोला नोकरीवर घेतलं. बुडालेल्या जहाजाचा जिवंत नाखवा होडीवर बसून कहाणी सांगतो, हे पाहुण्यांना फार आवडे. आठवड्यातून दोनदा, मिझाच्या समोर, टाक्यांच्या रांगेला टेकून तो सांगायचा, “माझा मामेभाऊच तो. जिवाचा. पण झोपाळू! काय करणार?” पाहुणे हळहळायचे. मिझा टाक्यांच्या हवेचे काटे तपासायची. सहा वर्षं तिनं ही कहाणी ऐकली.

मग हॉटेलच्या व्यवस्थापकाला वाटलं, की नाखव्याचा त्याच्या जहाजावरच फोटो काढावा. मचानो फुशारला. तरुणपणी तो एका दमात दहा वाव खाली जाऊन शंख काढायचा. चार दिवस उथळ पाण्यात शिकून झालं, आणि फोटोच्या आदल्या सकाळी सराव म्हणून मिझानं त्याला खाली न्यावं असं ठरलं.

“वहिनी, टाकी नीट भरलीय ना?” होडीवर मचानो दात काढत म्हणाला. “का विधवेचा राग भरलाय तिच्यात?”

“राग जड असतो भावजी, तुम्ही बुडाल. हवाच भरलीय.”

“बघ रे उसी, जीभ बघ! अकरा वर्षं खारवली तरी नरम नाही पडली.”

“खारवलेलं टिकतं,” उसी वल्ह्यावरून म्हणाला आणि समुद्राकडे बघू लागला.

“आणि माझ्यामागं राहा,” मिझा म्हणाली. “अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ ‘झकास’ नाही, ‘वर चला’ असा होतो. ध्यानात ठेवा.”

“जहाज माझं, आणि ही मला वाट दाखवणार!”

खाली उतरल्यावर मचानो खरोखरच मुलासारखा झाला. सुकाणूघरात त्यानं चाकाचा उरलेला सांगाडा धरून पाहिला, छाती काढून उभा राहिला. तो भात्यासारखा श्वास घेत होता. मिझानं त्याचा हवेचा काटा पाहिला: दोनशेवरून एकशेवीस. ती नाळेकडे निघाली. कोठाराच्या दाराशी थांबून तिनं आत बॅटरीचा झोत टाकला आणि त्याला खूण केली. तो आत डोकावला, मग खांद्यापर्यंत गेला, मग तिनं त्याच्या टाकीला पायानं रेटा दिला, दार लोटलं आणि कडी सरकवली.

पहिला आवाज टाकी लोखंडावर आपटल्याचा आला. मग मुठींचा. पाण्यात आवाज सगळीकडून येतो. कुठून येतोय ते कळत नाही. कोम्बोनंही असंच ठोठावलं असणार, आणि त्याला वाटलं असणार, की आता उघडेल, आता हसत उघडेल, कोंबडा मागेल. मिझा दारासमोर वाळूवर गुडघे टेकून बसली. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं.

भोकातून एक हात बाहेर आला. पाची बोटं पसरली, मिटली, आणि अंगठा वर झाला. तिनं तो हात धरला नाही. हात आत गेला आणि त्याच्या जागी काटा आला. त्यानं तो काचेसकट भोकाला दाबून धरला होता. नव्वद. मग सत्तर. काट्यामागे मास्कमधला डोळा होता, आणि तो डोळा आता थट्टा करत नव्हता. दाराची कडी त्याला आठवली होती, हे तिला दिसलं.

उघडावी की नाही, हे तिनं ठरवलेलं नव्हतं. नाही उघडली तर कुणी काही म्हणणार नव्हतं. म्हातारा माणूस, नवशिका, घाबरला, हवा संपली. काटा पन्नासवर आला आणि तिच्या मनात आलं, की हा इथं मेला तर त्याची कहाणी तेवढी जगेल. होडीवर दुसरं कुणीतरी ती सांगेल, ‘झोपाळू मामेभाऊ’सकट. मेलेला मचानो गावाला हळहळायला आणखी एक नाव देईल. तिला तो जिवंत हवा होता.

चाळिसावर तिनं कडी सरकवली.

तो वर उधळला. तिनं पट्टा धरून त्याला खाली खेचलं, आपली जादा नळी त्याच्या तोंडात कोंबली, आणि पाणबुड्यांच्या नियमाप्रमाणे पाच मीटरवर पूर्ण तीन मिनिटं त्याला दोरीला धरून लटकवत ठेवलं. तो तिची हवा ओढत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

“मारलं असतंस मला!” होडीच्या काठाला धरून तो ओरडला. “बाई आहेस की हडळ?”

“उतानी केली हो, भावजी,” मिझा मास्क काढत म्हणाली. “रागावलात होय?”

दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर मचानोनं शेहा वुआईकडे, म्हणजे वाडीच्या मुख्याकडे, फिर्याद मांडली. कॉफीचे पेले फिरत होते. निम्मं गाव जमलं होतं. मिझाला बोलावणं आलं तेव्हा तिच्या केसांतलं मीठही धुतलं गेलं नव्हतं.

“कोंडलं मला!” मचानो म्हणाला. “पाण्याखाली! जहाजाच्या कोठारात!”

“मिझा, खरं आहे?” शेहानं विचारलं.

“खरं आहे. भावजींची थट्टा केली.”

ओट्याच्या टोकाला कुणीतरी खुदकन हसलं. “मचानो, उतानीत रागावलास तर कोंबडा पडतो हां!”

“मोठा आण. नाखव्याला शोभेलसा!”

“कोंडण्यात तर तू उस्ताद, आणि आज तुलाच धाप लागली!”

सगळा ओटा हसू लागला. मचानो आयुष्यभर हसवत आला होता. हसणाऱ्यांच्या मधोमध तो कधी उभा राहिलेला नव्हता.

“ही उतानी? माणूस कोंडायचा तर कोरड्यात कोंडतात! मी कोम्बोला कोंडलं तेव्हा जहाज तरंगत होतं! तासाभरात काढणारच होतो कडी, जेवण झालं होतं, जरा डोळा लागला—”

तो थांबला. हसणारे एकेक करून थांबले. भिंतीला टेकून बसलेला हाजी चाचा, ज्याचा मुलगा त्या जहाजाच्या इंजिनावर असताना बुडाला होता, हातातला पेला खाली ठेवून सावकाश उठला.

“कुणाचा डोळा लागला?” त्यानं विचारलं.

मचानोनं मिझाकडे पाहिलं. हात जोडले नाहीत, पण आवाज मऊ केला. “वहिनी, उतानीच होती ती. वाईट मनात नव्हतं. आज तुम्हीही केलीत. फिट्टंफाट झाली ना? हसा आणि सोडा.”

रीत तशीच होती. ज्याची थट्टा झाली त्याच्या घरचं माणूस हसलं की गोष्ट मिटते. शेहासकट सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. हसणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

“उतानीत कोंडलेला माणूस शेवटी बाहेर येतो, भावजी, आणि मग सगळे हसतात,” मिझा म्हणाली. “माझ्या माणसाला मी बाहेर काढलं. पाच वर्षांनी. कापडात बांधून. उसीला विचारा.”

उसीनं मान डोलावली.

“मला कोंबडा नको. तीन घरं आहेत. यांनी प्रत्येक दारात जाऊन सांगावं. उद्या सकाळी. मी मागं असेन.”

शेहा म्हणाला, “तसंच होईल.”

संध्याकाळी हॉटेलातून निरोप आला, की माणसाला पाण्याखाली कोंडणारी वाटाडी त्यांना नको. मिझानं हॉटेलचे पोहण्याचे फिन्स आणि पोशाख आधीच धुऊन परत पाठवायला होडीत ठेवले होते.

सकाळी मचानो पुढं, ती चार पावलं मागं. पहिल्या दारात हाजी चाचाची बायको ऐकत उभी राहिली आणि मचानोच्या पायापुढं थुंकली. दुसऱ्या दारात त्यानं घसा खाकरला आणि जमिनीकडे बघत सुरुवात केली, “झालं असं, की कोम्बो कोठारात होता, आणि दार अडकलं...”

“अडकलं नाही,” मागून मिझा म्हणाली. “परत सांगा, भावजी. पहिल्यापासून.”