चिकपेटच्या लॉजात घरचा माणूस

हॉटेलात माणूस पैसे देतो ते आपल्याला परकं समजलं जावं यासाठी, हे मला बेंगळूरच्या चिकपेटमध्ये कळलं. परक्याला स्वच्छ चादर मिळते, गरम पाणी मिळतं, आणि त्याला पोट साफ झालं का असं कुणी विचारत नाही. मला यातलं काही मिळालं नाही. शिवाय पोटाची चौकशी रोज सकाळी काउंटरवरून, सगळ्या लॉजला ऐकू जाईल अशा आवाजात व्हायची.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. मी बेळगावच्या एका छोट्या पंपांच्या कारखान्यात होतो. आधी फाउंड्रीत साच्यांची वाळू चाळायचो. ती वाळू कानात, नाकात, भाकरीत सगळीकडे असायची आणि खोकला तर घरच्या मांजरासारखा माझ्यामागून फिरायचा. मला जरा इंग्रजी येतं हे मालकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मला एकच संधी दिली. पश्चिम आफ्रिकेतल्या लागोस शहराचा एक व्यापारी मुंबईहून बेंगळूरला येणार होता. त्याला शेतीसाठी हातपंप हवे होते. "ऑर्डर आणलीस तर टाय लावून हिंड," मालक म्हणाले, "नाही आणलीस तर चाळणी तुझी वाट बघत बसलीय." मला टायची हौस नव्हती, पण चाळणीकडे परत जायचं नाही एवढं मात्र मी पक्कं ठरवलं होतं.

तर नमुन्याचा एक पंप लाकडी खोक्यात घालून मी बेंगळूरला उतरलो. लागोसच्या साहेबाचा मुक्काम कुठं असेल हे माहीत नव्हतं. मुंबईचा दलाल तारेनं कळवणार होता. तोवर मी चिकपेटमधल्या एका लॉजात खोली घेतली आणि तिथला पत्ता दलालाला कळवला. कापडवाले, औषध कंपन्यांची माणसं, मोटारीच्या सुट्या भागांचे विक्रेते, असे सगळे कामाधंद्याचे लोक तिथं उतरत. खोलीत लोखंडी खाट, टेबल, खुर्ची, आरसा आणि पितळी तांब्या. झकास होतं सगळं. मी आरशात बघून टाय बांधायचा सराव सुरू केला.

घोटाळा झाला तो काउंटरवर. लॉजचे मालक स्वतःच मॅनेजर होते. पन्नाशीचे, कपाळाला गंध, डोक्यावर काळी टोपी. मी हमालाशी मराठीतून वाद घालत होतो ते त्यांनी ऐकलं.

"मराठी काय तू? गाव कुठलं?"

"बेळगाव."

"देव कुठला?"

"खंडोबा."

ते काउंटरच्या मागून उठून बाहेरच आले. "आमचा पण खंडोबा की रे तम्मा! तीनशे वर्षामागं आमची माणसं फौजेसंगट हिकडं आली. तू तर घरचा निघालास की!"

खंडोबा ज्यांचा देव आहे अशी माणसं मोजायला बसलं तर निम्मा मुलूख त्यांचा नातलग ठरला असता. पण मी परगावात एकटा होतो. मला बावळटाला आनंद झाला. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ, तेव्हा मी त्यांना अण्णा म्हणायला लागलो आणि तिथंच माझं गिऱ्हाईकपण संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी आलं नाही. मी खाली गेलो. "तम्मा, पाणी आज स्वल्पच तापलंय," अण्णा म्हणाले. "वर कोइमतूरचा व्यापारी हाय. परक्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तू घरचा. तुला गार चालतं की." मी गार पाण्यानं आंघोळ केली. मग आरसा गेला, कारण एका औषधवाल्याला दाढीला उजेडातला आरसा हवा होता. मग खुर्ची गेली. मग गादी गेली आणि तिच्या जागी चटई आली. दर वेळी अण्णा स्वतः यायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि तेच म्हणायचे, "परक्याला नाही कसं म्हणायचं?"

मला यावर बोलता यायचं नाही, याचं कारण हे सगळं मला पाठ होतं. आमच्या घरी पाहुणा आला की माझंच अंथरूण त्याला जायचं. दुधावरची साय पाहुण्याच्या वाटीत आणि आम्ही पोरं ताकावर. आई त्यात काही वाईट करते असं मला कधी वाटलं नाही. फक्त आईनं त्यासाठी माझ्याकडून भाडं घेतलं नव्हतं.

मग वाढपी जत्रेला म्हणून गावी गेला आणि माझ्या हातात साराची बादली आली. घरची माणसं मागनं जेवतात, पाहुणे पुढं. मी टायचं टोक शर्टाच्या खिशात खोचून पंगतीत सार वाढत फिरायचो. विहिरीचा रहाट मोडला तेव्हा अण्णांनी माझं खोकं उघडून पंप परसातल्या विहिरीवर बसवून घेतला. "घरचाच पंप असता बाहेरनं कशाला आणायचा?" नमुन्याचा पंप, ज्याला मी रोज मऊ फडक्यानं पुसत होतो, त्याला आता मोलकरीण हापसत होती.

एकदा तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी म्हटलं, "अण्णा, मी गिऱ्हाईक आहे इथलं!" त्यांचा चेहरा असा पडला की त्यांच्या मुलानं वाटणी मागितली असं बघणाऱ्याला वाटावं. "असं बोलू नये रे," एवढंच म्हणाले.

आणि खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मला आवडायची. सगळे परके जेवून गेले की शेवटची पंगत आम्हा दोघांचीच असायची. मी वाढायचं संपवेपर्यंत ते पानाला हात लावायचे नाहीत. मग समोरासमोर बसून आम्ही गार झालेला भात जेवायचो. ते मला दर वेळी तूप जास्त वाढायचे, बेळगावात ऊस कसा पिकतो ते विचारायचे आणि मी सांगितलेलं विसरून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मला स्वयंपाक्यानं सांगितलं.

दलालाची तार काही येत नव्हती. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि अशातच एका सकाळी अण्णा धावत वर आले.

"तम्मा, लगेच खोली रिकामी कर. लई लांबचा पाहुणा आलाय. परदेशातला. सगळ्या खोल्या भरल्यात. तू कोठीत झोप, तांदळाची पोती मऊ असतात."

"अण्णा, आता खोली पण?"

"परक्याला नाही कसं..."

पुढचं मी ऐकलं नाही. बॅग उचलली आणि कोठीत गेलो. जिन्यात तो पाहुणा भेटला. उंच, धिप्पाड, अंगात पायघोळ निळा झगा, डोक्याला तशीच टोपी. मी भिंतीला चिकटून त्याला वाट करून दिली, वर त्याची पेटीही खोलीपर्यंत नेऊन दिली. त्यानं माझे आभार मानले. तो कुठल्या देशाचा हे विचारायचंही रागाच्या भरात मला सुचलं नाही; मी मनात त्याला बेळगावच्या चार शिव्या दिल्या.

दुपारी तो पहिल्या पंगतीत बसला. सार त्याला अळणी लागलं असावं, कारण त्यानं झग्याच्या खिशातून तिखटाची बाटली काढून त्यात लाल भुकटी ओतली. कोइमतूरचा व्यापारी खाणं थांबवून बघत राहिला. मी भात घेऊन त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा तो अण्णांना इंग्रजीतून विचारत होता, बेळगावच्या पंप कारखान्याचा एक माणूस मला भेटायचा होता, त्याचा काही पत्ता लागत नाही, या शहरात माणूस शोधायचा कसा?

मी भाताचा चमचा भांड्यात ठेवला.

"मीच तो," मी म्हणालो.

त्यानं वर बघितलं. घामेजलेला, एका हातात भाताचं भांडं, खांद्यावर फडकं, खिशातून टायचं टोक बाहेर आलेलं. "भात थोडाच वाढा," तो म्हणाला.

"नाही, खरंच मी तो. पंपवाला. पंप आणलाय मी."

"कुठं आहे?"

"मागं. विहिरीवर."

तो हसला, पण ते हसणं काही मला आवडलं नाही. "हे बघा," तो म्हणाला, "मी महिनाभर तुमच्या देशात फिरतोय. ज्या हॉटेलात उतरतो त्या मॅनेजरचा कुणीतरी भाऊ असतो. एकाचा मेहुणा कापड विकत होता, एकाचा चुलता चाकू-कात्र्या. इथं तुम्ही मॅनेजरचे पुतणे असणार. पुतण्या वाढपी आहे, पेट्या उचलतो, आणि पंपही विकतो. पंपही हॉटेलातलाच, वापरलेला. मला माफ करा."

 माझ्या डोळ्यांपुढे चाळणी नाचायला लागली. कानात वाळू जाणवली म्हटलं तरी चालेल. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनीच मला या दशेला आणलं होतं, आणि आता ते काय बोलतील ते मला ठाऊक होतं. 'आमचा घरचाच पोरगा, त्याचा पंप म्हणजे आमचाच पंप.' संपलं असतं सगळं.

अण्णांना इंग्रजी मोडकंतोडकं यायचं, पण कळायचं सगळं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि जागेवर ताठ उभे राहिले.

"नो सर," ते तसल्याच इंग्रजीत म्हणाले. "नॉट माय मॅन. नो रिलेशन. कंपनीचा मोठा साहेब आहे, आमचं गिऱ्हाईक. वाढपी नाही म्हणून मदत करतो. आमचा कोण नव्हे."

इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याबद्दल काढलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते बोलताना त्यांचं तोंड चोरी पकडली गेल्यासारखं झालं होतं. निळ्या झग्यातल्या साहेबानं मात्र विश्वास ठेवला. अनोळखी माणूस फुकट मदत करतो हे त्याला फार आवडलं. त्यानं हात धुतले आणि म्हणाला, दाखवा पंप.

पुढचं सोपं होतं. त्यानं झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि स्वतः हापसायला लागला. मोलकरणीला विचारलं, बिघडला का कधी? ती कन्नडमधून जे काही म्हणाली ते मी सोयीस्कर भाषांतर करून सांगितलं, आणि खरंही तेच होतं, की पहिल्या दिवसापासून ती बाई रोज पूर्ण लॉजचं पाणी त्यावर काढत होती आणि तिचे खांदे दुखायचे थांबले होते. नवाकोरा पंप सगळेच दाखवतात, साहेब म्हणाला, राबलेला दाखवणारे तुम्ही पहिले. संध्याकाळच्या आत ऑर्डर झाली. मी पोस्टात जाऊन मालकांना तार केली आणि परत येताना चिकपेटच्या गर्दीत एकटाच मोठ्यानं हसलो.

परत आलो तर कोठीत माझी बॅग नव्हती. कोइमतूरवाला त्याच दुपारी गेला होता. त्याच्या खोलीत माझ्यासाठी गादी घातली होती, तिच्यावर पांढरी चादर, टेबल, खुर्ची, आरसा. दुसऱ्या दिवशी वाफाळती बादली दाराशी आली. काउंटरवरून कुणी पोटाची चौकशी केली नाही. मला वाटलं, साहेब असेपर्यंत हे सोंग वठवावं लागणारच. अण्णा हुशार आहेत म्हणून मी खूशही झालो.

साहेब मद्रासच्या गाडीला निघून गेला, मी त्याला स्टेशनवर पोचवून आलो. पहिली पंगत बसत होती. मी टायचं टोक खिशात खोचलं आणि साराची बादली उचलायला गेलो.

"बसा साहेब," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तो गेला की मद्रासला."

"जाऊ दे. आपण बसा." त्यांनी माझ्या हातातून बादली काढून घेतली. आवाजात राग नव्हता. "अन्नापुढं, चार माणसांसमोर मी म्हटलं, हा आमचा कोण नव्हे. तोंडातनं गेलं ते गेलं. खोटं म्हटलो असं आता कसं म्हणायचं? ऑर्डर तुटायची आपली."

"पण ते खोटं नव्हतंच," मी म्हणालो, आणि म्हणताच मला कळलं की याहून वाईट काही मी बोलू शकलो नसतो.

"सरी, बरं," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. त्यांनी मला बेतानं तूप वाढलं, सगळ्यांना वाढतात तेवढंच, आणि पुढच्या पानाकडे गेले. मला फार वाईट वाटत होतं. इतके दिवस ज्यासाठी चडफडलो ते सगळं आता मिळालं होतं आणि मी पानातला भात नुसता चिवडत होतो. जेवण झाल्यावर मी मुद्दाम रेंगाळलो, पण गिऱ्हाइकानं पंगत उठल्यावर बसून राहणं बरं दिसत नाही. वर जाताना मी मागं वळून पाहिलं. आत शेवटच्या पंगतीला एकच पान मांडलं होतं.