इशारा नसलेली गोळी

माझ्या थोरल्या भावाचं यकृत आतून आखडत चाललं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला चार वर्षं झाली. कारण जुनी कावीळ, ब प्रकारची. दादाने आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारायचंच, "दादा, आते तरी सोडी दिनी का?" दादा म्हणायचा, "सोडाले पहिले धरनी पडस, भो."

वहिनी गेल्यावर त्याची औषधं माझ्याकडे आली. प्रकाशा गावाजवळ तापीवर उपसा सिंचनाच्या मोटारी आहेत. त्या किती वाजता सुरू झाल्या, किती वाजता बंद झाल्या, हे मी बावीस वर्षं लिहीत आलो आहे. दादासाठीही तशीच वही केली. वेळ, गोळी, मात्रा आणि रोज सकाळचं वजन. पोटात पाणी साठलं तर ते आधी वजनात दिसतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

हिवाळ्यात दादाचे गुडघे धरले. केळीच्या बागेत तीस वर्षं घड वाहिलेले गुडघे. डॉक्टरांच्या कागदावर त्याची सोय होती: दुखल्यास पॅरासिटामॉल पाचशे, दिवसाला जास्तीत जास्त चार. बाकी कुठलीही गोळी देऊ नका, असंही ते म्हणाले असतील. मी ते लिहून घेतलं नाही, म्हणून ते माझ्याकडे नाही.

मी पाकीट आणलं आणि चष्मा लावून मागची बाजू वाचली. चौकटीत बारीक अक्षरात होतं की प्रमाणाबाहेर घेतल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. 'प्रमाणाबाहेर' हा शब्द मी वाचला. पण नजर 'यकृत' या शब्दावर थांबली. धडधाकट माणसाचं प्रमाण वेगळं, आखडलेल्या यकृताचं वेगळं, असा मी हिशेब केला. डॉक्टरांकडून लिहिताना चूक झाली असावी. रविवार होता, फोन सोमवारी करू म्हटलं. सोमवारी केला नाही.

घरात माझ्या कमरेची गोळी होती. डायक्लोफिनॅक, पन्नास. तिचं पाकीट मी दोन्ही बाजूंनी वाचलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, एवढंच होतं. यकृताचं नाव कुठे नव्हतं. म्हणून ती दिली.

दादाला चांगला उतार पडला. तिसऱ्या दिवशी तो घाटापर्यंत पायी जाऊन आला. येताना टपरीवर बसून त्याने लोकांना सांगितलं, "मन्हा भाऊ वाच्याबिगर गोई देत नही. मांगे-पुढे दखीसन देस."

आठ दिवसांत अकरा गोळ्या झाल्या. त्याच आठ दिवसांत वजन एक किलो आठशे ग्रॅमने वाढलं. दोन्ही आकडे एकाच पानावर, एकाच ओळीत, माझ्या अक्षरात आहेत.

नवव्या दिवशी सकाळी दादाला डांबरासारखी काळी शौचाला झाली. मग न्हाणीत रक्ताची उलटी झाली. दोन तांबे भरतील एवढी. मी आधी भिंत धुतली. ते का केलं ते सांगता येणार नाही. मग पुतण्याने गाडी काढली आणि आम्ही नंदुरबारला गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्यावर काही दिलं होतं?" मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली.

"पॅरासिटामॉल एकदाही दिलेली नाही."

"पाकिटावर यकृताचं लिहिलं होतं."

"ते जास्त घेण्याबद्दल आहे. म्हणून तर दिवसाला चारच सांगितल्या. दोन ग्रॅम. तेवढी यांना चालते. ही चालत नाही. हिच्याने पोटात रक्त सुटतं, अंगात पाणी धरतं, मूत्रपिंडं बसतात."

"हिच्या पाकिटावर तसं लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलेलं," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी आणखी सांगितलं की अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा अशा आजारात आपोआपही फुटतात, गोळीनेच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही. किती टक्के, असं मी विचारलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

नळी घालून शिरा बांधल्या. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. नऊ दिवसांनी दादा घरी आला, अंगावर मांस कमी आणि पायांवर सूज घेऊन. वहीत मी एक नवा रकाना आखला: कोणाला विचारून दिली. सध्या त्यात प्रत्येक ओळीला डॉक्टर असं लिहिलेलं आहे.

परवा दुपारी दादा खाटेवर गुडघे चोळत बसला होता. म्हणाला, "ती तुन्ही कंबरनी गोई दे. हायी पांढरीमा काही दम नही."

"ती नको."

"काबरं? तीच खाईसन मी घाटवर जाई उनू."

दवाखान्यात त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी म्हटलं, "दादा, रक्त पडनं ते तिनामुये. ती तुले चालत नही."

तो गुडघ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पन तू ते वाचीसन दिनी होती ना?"

"हो. वाचीसनच दिनी."

त्याने हात पुढे केला. मी पॅरासिटामॉलची पांढरी गोळी पाकिटातून काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. मागे काय लिहिलं आहे, ते त्याने विचारलं नाही. पाणी प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

मी वेळ लिहिली. तीन वाजून दहा. दिवसातली दुसरी. रात्रीपर्यंत अजून दोन देता येणार होत्या.